पडून दुखावलेला खांदा, फेकून दमलेला खांदा

२३ मार्च २०२१. पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर भारत आणि इंग्लंडचा एकदिवसीय सामना चालू होता. इंग्लंडच्या डावातलं आठवं षटक, गोलंदाज शार्दूल ठाकूर. जॉनी बेअरस्टोचा फटका अडवायला श्रेयस अय्यरने सूर मारला आणि तो उठला तो डावा खांदा धरूनच. तिथून सरळ मैदानाबाहेर. खांदा वाटीतून अर्धवट निसटला होता. ८ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली, आयपीएलचा पहिला टप्पा हातचा गेला आणि अय्यर पुन्हा सामना खेळला तो थेट २२ सप्टेंबरला, दुबईत.

यात कोडं असं, की अय्यर तेव्हा २६ वर्षांचा, रोज व्यायाम करणारा खेळाडू. कुणी त्याला धडकलं नव्हतं. पडला तोही हिरवळीवर. त्या पडण्यात खुबा, गुडघा, कोपर सगळं शाबूत राहिलं, मग खांद्यानेच का दगा द्यावा? आणि ज्या सांध्याला एवढी आपटी सोसत नाही, तोच सांधा वेगवान गोलंदाजाला वर्षानुवर्षं ताशी १४० किलोमीटरने चेंडू टाकू देतो, तो कसा?

दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. ती कळली, की खांदा दुखल्यावर कधी धावत सुटायचं आणि कधी दम धरायचा हेही कळतं. आपल्याकडे बहुतेकदा नेमकं उलटं होतं. पडून फाटलेल्या खांद्याला महिनाभर मलम चोळलं जातं आणि नुसत्या दमलेल्या खांद्याचा दुसऱ्याच दिवशी एमआरआय निघतो.

## लिंबू आणि चमचा

खुबा आणि खांदा हे दोन्ही उखळी सांधे, म्हणजे एका हाडाचा गोळा दुसऱ्या हाडाच्या वाटीत फिरतो. खुब्याची वाटी खोल आहे. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात चांगला रुतून बसतो, म्हणून तो सहजी निघत नाही. खांद्याची वाटी मात्र इतकी उथळ, की दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी तिला टेकलेला असतो. बाकीचा गोळा वाटीबाहेरच.

शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. लिंबू चमच्याला कुठेही बांधलेलं नसतं. ते टिकतं, कारण धावणाऱ्याचा तोल सांभाळणारा हात चमचा सतत लिंबाखाली आणत राहतो. खांद्यातलं लिंबू म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा. चमचा म्हणजे पाठीवरचं ते तिकोनी चपटं हाड, ज्याला आपण फरा म्हणतो. खांद्याची वाटी हा फऱ्याचाच कोपरा. आणि चमचा धरणारा हात म्हणजे फऱ्याला चारी बाजूंनी ओढून धरणारे पाठीचे, मानेचे आणि छातीचे स्नायू.

फरा बरगड्यांना कोणत्याही सांध्याने जोडलेला नाही, तो त्यांच्यावरून नुसता सरकतो. सगळा हात धडाशी हाडाने जोडला गेलाय तो एकाच जागी: गळ्याखालच्या आडव्या हाडाचं, म्हणजे कॉलरबोनचं, आतलं टोक छातीच्या मधल्या हाडाला जिथे टेकतं तिथे. बोट ठेवून हात वर-खाली केला तर ते टोक हलताना जाणवतं. बाकी सगळी मदार मांसावर.

गोळा वाटीत ठेवायला तीन बंदोबस्त आहेत. पहिला, वाटीच्या काठाला चिकटलेली चिवट कूर्चेची कड. तिला लॅब्रम म्हणतात. तिच्यामुळे उथळ वाटी थोडी खोल होते. दुसरा, सांध्याभोवतीची पिशवी आणि तिच्यातले अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे. हात मधल्या स्थितीत असताना हे पट्टे सैल असतात, अगदी टोकाला गेला की ताणले जातात. तिसरा बंदोबस्त सगळ्यांत महत्त्वाचा: फऱ्यापासून निघून गोळ्याला पुढून, वरून, मागून कवेत घेणारे चार छोटे स्नायू. या चौकडीचं नाव रोटेटर कफ. खांद्यावरचा मोठा गोलसर स्नायू हात वर उचलतो तेव्हा तो गोळ्यालाही वर ढकलत असतो. त्याच वेळी ही चौकडी गोळा वाटीत दाबून धरते. व्यायामशाळेत आरशात दिसतो तो मोठा स्नायू. चौकडी कुणाला दिसत नाही, म्हणून तिचा व्यायामही फारसा कुणी करत नाही.

हात खालपासून डोक्यावर सरळ नेला की तो १८० अंश फिरतो. त्यातले सुमारे १२० अंश गोळा वाटीत फिरल्याने मिळतात आणि उरलेले ६० फरा वळल्याने. लिंबू हललं की चमचाही हलला पाहिजे, तो असा. फऱ्याचे स्नायू दमले किंवा दुबळे असले, तर चमचा मागे राहतो.

खोल वाटी न देण्याचा फायदा उघड आहे: माणसाच्या शरीरात सर्वांत जास्त दिशांना फिरणारा सांधा हाच. मल्लखांबावरची पकड, खो-खोतला खांबावरचा सूर, मधमाशीच्या पोळ्यापर्यंत भिरकावलेला दगड, सगळं त्यातलंच. किंमत मोजावी लागते ती निसटण्याची.

## फेकताना आत काय चालतं

बेसबॉलच्या पिचरवर मोजमापं झाली आहेत. चेंडू सुटण्याच्या सुमारास दंड आतल्या बाजूला फिरतो तो सेकंदाला सुमारे ७००० अंशांच्या वेगाने. हात याच वेगाने गोल फिरत राहिला असता, तर सेकंदाला एकोणीस-वीस फेऱ्या झाल्या असत्या. माणसाच्या शरीराच्या मोजल्या गेलेल्या सर्वांत वेगवान हालचालींत हिचा नंबर लागतो.

पण खांद्याला जास्त त्रास वेग घेताना होत नाही, थांबताना होतो. चेंडू हातातून सुटला, हात मात्र अजून पुढे चाललाय. त्या क्षणी गोळ्याला वाटीतून बाहेर खेचणारी ओढ जवळजवळ फेकणाऱ्याच्या वजनाएवढी असते, आणि ती रोखायची कुणी, तर मागच्या बाजूच्या त्या चिमुकल्या स्नायूंनी. दर चेंडूला. सीमारेषेवरून थेट यष्ट्यांवर केलेली फेक, टेनिसची सर्व्हिस, बॅडमिंटनचा स्मॅश, व्हॉलीबॉलचा स्पाइक, भालाफेक यांची कुळकथा एकच. पोहणाऱ्याला असा झटका बसत नाही, पण त्याचे हात एका सरावात हजारो वेळा डोक्यावरून फिरतात.

यातून दुखण्याचे दोन मार्ग निघतात. एक, हात टोकाच्या स्थितीत असताना बसलेला एकच फटका, ज्यात कड, पट्टा किंवा कंडरा तुटते. (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा.) दुसरा मार्ग सावकाशीचा. रोज थोडी जास्त झीज होते, रात्रीत तेवढी भरून निघत नाही. दोन्ही दुखणी एकाच जागी होतात, पण त्यांच्यासाठी करायच्या गोष्टी जवळजवळ उलट्या आहेत.

## निखळला, तर

खांदा निखळतो तो बहुतेक सगळ्या वेळी पुढच्या बाजूला, आणि त्याची हमखास स्थिती ठरलेली आहे: हात बाजूला वर, कोपर वाकलेलं, दंड मागे फिरलेला. कबड्डीतली साखळी पाहा. दोन पकडणारे हात धरून चढाईपटूच्या वाटेत उभे राहतात. चढाईपटू जोरात त्या साखळीवर गेला आणि पकड सुटली नाही, तर एकाचा पसरलेला हात मागे रेटला जातो. हीच ती स्थिती. चढाईपटूचा पाय धरलेला असताना तो मध्यरेषेकडे हात ताणतो आणि वर दोघे अंगावर येतात, तेव्हाही तेच. सूर मारणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा पसरलेला हात जमिनीला अडकतो आणि शरीर पुढे जातं.

निखळलेला खांदा ओळखायला डॉक्टर लागत नाही. खांद्याची गोलाई जाऊन तिथे काटकोनासारखी कड दिसते, पुढे फुगवटा येतो, माणूस हात दुसऱ्या हाताने धरून बसतो आणि कुणाला स्पर्शही करू देत नाही. अर्धवट निसटून आपोआप परत बसलेला खांदा ओळखणं अवघड. ‘काहीतरी सटकलं आणि परत बसलं’ असं खेळाडू सांगतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा मैदानात उतरायला बघतो. हे वाक्य ऐकलं की सामना तिथेच थांबवावा. कड तेव्हाही फाटू शकते.

मैदानावर करायचं एवढंच: हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ओढणीने किंवा पंच्याने अंगाशी बांधायचा आणि रुग्णालय गाठायचं. खायला-प्यायला देऊ नये, कारण खांदा बसवताना गुंगी द्यावी लागू शकते. ‘आमच्या वस्तादांनी पन्नास खांदे बसवलेत’ हे आखाड्यात हमखास ऐकू येतं, आणि वस्तादांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवूनही सांगावं लागतं, की एक्स-रे काढल्याशिवाय ओढाताण करू नये. गोळ्याला चीर गेलेली असेल तर ओढताना तो मोडतो. काखेतून जाणारी रक्तवाहिनी आणि नस आधीच ताणलेली असते. ती नस बघायची सोपी खूण: दंडाच्या बाहेरच्या अंगाला, लहानपणच्या बीसीजीच्या व्रणाच्या थोडं वर, बोट फिरवलं तर दोन्ही हातांना सारखं जाणवतं का? एका बाजूला बधिर वाटलं तर ते डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावं. आणि एक्स-रे एक नव्हे, दोन दिशांनी हवा. फीट आल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांदा क्वचित मागच्या बाजूला निखळतो, आणि समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेत तो चक्क ठीकठाक दिसू शकतो.

खांदा बसवण्याची विद्या जुनी आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात काखेत टाच रोवून हात खेचण्याची रीत दिली आहे. पण मला त्याच ग्रंथातला दुसरा उपाय जास्त बोलका वाटतो. ज्यांचा खांदा वारंवार निखळतो, त्यांच्या काखेत तापलेल्या सळयांनी डाग द्यायचे, म्हणजे जखम भरताना कातडी आणि आतलं मांस आवळून येईल आणि गोळ्याची पळवाट बंद होईल. उपाय अघोरी, पण निदान नेमकं: वाट एकदा पडली की गोळा त्याच वाटेने पुन्हा जातो. खांद्याच्या या खोडीपायी चांगल्या चांगल्या गड्यांना कसरत आणि लढाई सोडावी लागली, अशी हळहळही त्यात आहे.

ती वाट म्हणजे नक्की काय, हे लंडनचे शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ मध्ये मांडलं. गोळा पुढे निसटताना वाटीच्या पुढच्या काठाची कड उखडून टाकतो. खांदा बसवला तरी कड आपल्या जागी नीट चिकटेलच असं नाही. शिवाय निखळलेल्या गोळ्याची मागची बाजू वाटीच्या काठावर आदळून तिला खोक पडते. आता चमच्याचा काठ तुटलाय आणि लिंबूही एका बाजूने चेपलंय. पुढच्या वेळी कमी धक्का पुरतो. त्यानंतर झोपेत कूस बदलतानाही पुरतो.

वय इथे सगळ्यात मोठा फरक पाडतं. विशीच्या आत पहिल्यांदा खांदा निखळला आणि खेळाडू पुन्हा अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात उतरला, तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून कितीतरी जास्त असते. चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याचं भय कमी, पण तेव्हा रोटेटर कफची कंडरा फाटलेली असण्याचा संभव जास्त. म्हणून दोघांनाही तज्ज्ञ लागतोच, कारणं वेगळी. सतरा वर्षांच्या कबड्डीपटूच्या बाबतीत पहिल्याच वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो. पंचेचाळिशीच्या माणसाला खांदा बसवल्यावर आठ-दहा दिवसांतही हात उचलता आला नाही, तर कंडरा तपासावी लागते.

शस्त्रक्रिया आता बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते: हाडात छोट्या खुंट्या बसवून उखडलेली कड टाक्यांनी पुन्हा काठाला बांधतात. काठाचं हाडच झिजलं असेल तर नुसते टाके टिकत नाहीत. मग फ्रान्सच्या लातार्जे यांनी १९५४ मध्ये सांगितलेली रीत वापरतात, ज्यात फऱ्याच्याच पुढच्या अंगाचा हाडाचा तुकडा, त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट, वाटीच्या काठावर स्क्रूने बसवतात. दोन्हींनंतर भिडण्याच्या खेळात परतायला साधारण पाच-सहा महिने धरावेत. अय्यरला साडेपाच लागले, आणि त्याच्या दिमतीला देशातले उत्तम फिजिओ होते. गावातल्या मुलाला ‘तीन महिन्यांनी स्पर्धा आहे, तोवर होईल ना?’ असं विचारणाऱ्या संघ व्यवस्थापकाने हा हिशेब लक्षात ठेवावा.

## खांद्याच्या टोकावर आदळला, तर

कुस्तीत उचलून टाकलेला पैलवान किंवा सायकलवरून फेकला गेलेला स्वार हात न टेकता थेट खांद्याच्या टोकावर पडतो. तेव्हा गोळा जागेवर राहतो, पण कॉलरबोनचं बाहेरचं टोक आणि फरा यांमधले पट्टे ताणतात किंवा तुटतात. टोकावर उंचवटा दिसतो, दाबला की खाली जातो, सोडला की वर येतो. हे दिसतं भयंकर, पण यातल्या बहुतेक दुखापती गळ्यात झोळी बांधून आणि नंतर व्यायामाने बऱ्या होतात. हाड फारच वर किंवा मागे सरकलं असेल तरच शस्त्रक्रिया. कॉलरबोन मोडण्याचंही पुष्कळसं तसंच.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. कॉलरबोनचं आतलं टोक, गळ्याजवळचं, क्वचित मागे, छातीच्या आत सरकतं. मागेच श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. चेंगराचेंगरीत सापडलेल्या खेळाडूला गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर तिथे घटकाभरही थांबायचं नाही.

## तुटलेली कंडरा थांबत नाही

उशीर सर्वांत महाग पडतो तो इथे. पडल्यावर किंवा जड वजन उचलताना रोटेटर कफची कंडरा हाडावरून सुटली, तर तिचा स्नायू तिला आत ओढून घेतो. महिने गेले की कंडरा आखडते आणि बिनकामाच्या स्नायूत चरबी भरू लागते. ही चरबी नंतर कितीही व्यायाम केला तरी फारशी हटत नाही. म्हणून अशी ताजी फाटलेली कंडरा काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत शिवली तर निकाल चांगला येतो. वर्षभराने तीच कंडरा ओढून जागेवर आणणं कठीण.

ओळखायचं कसं? सुरुवातीची कळ ओसरल्यावर एक फरक बघावा. स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने अलगद उचलला तर वर जातो: कंडरा फाटल्याचा किंवा नस दुखावल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्याने उचलला तरी ठरावीक जागी अडतो आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला फिरतच नाही: सांधा आखडलाय. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांत, हे दुसरं दुखणं फार दिसतं आणि त्याचा खेळाशी संबंध असतोच असं नाही.

जिममध्ये जाणाऱ्यांसाठी आणखी एक. बेंच प्रेस करताना, वजन छातीकडे येत असताना काखेपाशी काहीतरी फाटल्याचा भास होतो, दोन दिवसांत दंड काळानिळा पडतो आणि काखेचा पुढचा जाड काठ एका बाजूला पातळ दिसतो. छातीच्या मोठ्या स्नायूची कंडरा तुटलीय. ‘मसल पुल झालाय, प्रोटीन वाढव’ असा सल्ला मिळतो. इथेही शस्त्रक्रियेची योग्य वेळ पहिल्या काही आठवड्यांतच असते.

चौकट: कधी जायचं?

आत्ताच, रुग्णालयात: खांद्याचा आकार बिघडलाय, हात गार, पांढरा किंवा बधिर पडलाय, बोटं हलत नाहीत, गळ्याजवळ मार लागून श्वास किंवा गिळणं अडतंय, फेकणाऱ्याचा किंवा वजन उचलणाऱ्याचा अख्खा हात अचानक सुजून निळसर झालाय (शिरेत रक्ताची गाठ असू शकते), सांधा लाल, गरम आणि अंगात ताप.

या आठवड्यात, खांद्याचं काम करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे: निखळून बसवलेला किंवा ‘सटकून परत बसलेला’ खांदा, पडल्यानंतर हात स्वतःहून वर जात नाही, मोठा काळानिळा डाग आणि जोर गेलेला.

दोन-तीन आठवडे सराव कमी करूनही फरक नाही तर: रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, फेकीचा वेग किंवा अचूकपणा घसरलाय, सांध्यात अडकल्यासारखं होतं, विश्रांतीनंतरही दुखणं परत येतं.

## दमलेल्या खांद्याची घाई नको

झिजेचं दुखणं दबक्या पावलांनी येतं. आधी सरावानंतर दुखतं, मग सरावात, मग रात्री. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या टप्प्यात कळ येते, पुढे ती नाहीशी होते. गोलंदाज म्हणतो, ‘हात येत नाही’. म्हणजे दुखतंय असंही नाही, पण चेंडू जातच नाही. ही तक्रार गंभीर समजावी.

यात पहिला उपाय कापाकापी नाही, आणि बहुतेकदा एमआरआयही नाही. अमेरिकेतले नामांकित खेळ-शल्यविशारद जेम्स अँड्र्यूज यांनी अजिबात न दुखणाऱ्या ३१ व्यावसायिक पिचरांच्या खांद्यांचे एमआरआय काढून पाहिले. ९० टक्क्यांच्या कूर्चेत आणि ८७ टक्क्यांच्या रोटेटर कफमध्ये काहीतरी बिघाड दिसला. सगळे ठणठणीत खेळत होते. फेकणाऱ्या खांद्याचं चित्र जन्मभर स्वच्छ राहत नाही. म्हणून अहवालात ‘अंशतः फाटलेलं’ हा शब्द वाचून घाबरण्याआधी, ते फाटणं आणि हे दुखणं यांचा संबंध आहे का, हे हाताने तपासून सांगणारा माणूस गाठावा. अहवाल हातात घेऊन खांद्याला हातही न लावता शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्याकडून दुसरीकडे जावं, हे माझं स्पष्ट मत.

तपासायचं काय, तर आधी चमचा. खेळाडूला पाठमोरा उभा करून, शर्ट काढून, दोन्ही हातांत अर्धा-अर्धा किलोच्या पाण्याच्या बाटल्या द्या आणि हात सावकाश वर-खाली करायला सांगून मोबाइलवर चित्रण करा. खाली आणताना बघा: दुखऱ्या बाजूच्या फऱ्याची आतली कड पाठीवरून उचलली जाते का, फरा धक्क्याने खाली येतो का. फिजिओ हे रोज बघतात. पालकांनी आणि प्रशिक्षकांनीही बघायला हरकत नाही. दुसरी तपासणी फिरकीची. लहानपणापासून फेकणाऱ्याचा दंड बाहेरच्या बाजूला जास्त आणि आतल्या बाजूला कमी फिरतो, कारण वाढत्या वयात हाडच तसं वळतं. दोन्हींची बेरीज दुसऱ्या हाताएवढी असेल तर काळजी नाही. बेरीजच घटली, तर खांद्याची मागची बाजू आखडलीय.

व्हॉलीबॉलपटूंनी आरशात आणखी एक गोष्ट पाहावी. स्पाइक मारणाऱ्या हाताच्या फऱ्यावर, उंचवट्याखाली, खळगा पडलाय का? तिथल्या नसेवर ताण येऊन एक स्नायू सुकतो. गंमत म्हणजे कित्येकांना काहीच दुखत नसतं. खळगा दिसला तर मात्र तज्ज्ञाला दाखवावं. नसेवर पाण्याची गाठ दाबत असेल तर ती काढता येते.

उपचार कंटाळवाणे आहेत: फेकणं थांबवायचं किंवा निम्म्यावर आणायचं, धावणं आणि पायांचे व्यायाम चालू ठेवायचे, फऱ्याचे आणि चौकडीचे स्नायू रबरी पट्ट्याने सहा ते बारा आठवडे तयार करायचे, मग दिवसाआड, जवळच्या अंतरापासून फेक सुरू करायची. अंतिम सामन्यासाठी सांध्यात इंजेक्शन घेऊन उतरणं सर्रास चालतं. एखादं इंजेक्शन योग्य हातांनी, योग्य कारणासाठी ठीक; पण कळ गेली म्हणजे कंडरा सांधली असं नाही, आणि वरचेवर दिलेल्या स्टेरॉइडने ती कमजोर होते.

## दुखतो खांदा, बिघडलंय दुसरंच

कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असेल, मान वळवल्यावर वाढत असेल, तर दोष मानेच्या मणक्यात असू शकतो. पन्नाशीतल्या बॅडमिंटनपटूचा डावा खांदा खेळताना भरून येतो, घाम फुटतो, थांबल्यावर बरं वाटतं. हे हृदयाचं दुखणं असू शकतं, त्याने मालिशवाल्याकडे जाऊ नये.

तिसरं फारसं कुणाला ठाऊक नसतं. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये डाव्या बरगड्यांखाली गुडघा बसला आणि थोड्या वेळाने डाव्या खांद्याचं टोक दुखू लागलं, खांद्याला मात्र मार लागलेला नाही. प्लीहा फुटून पोटात रक्त साचत असेल, तर ते श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, डिवचतं. श्वासपटलाची नस मानेतल्या त्याच भागातून निघते जिथून खांद्याच्या कातडीची संवेदना येते, म्हणून मेंदूला दुखणं खांद्याचं वाटतं. अशा खेळाडूला बाकावर आडवा करून बर्फ लावत बसू नये. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं.

## वाढत्या वयाचे खांदे

दंडाच्या हाडाची लांबी सुमारे ८० टक्के वाढते ती त्याच्या खांद्याकडच्या टोकाने. तिथे कूर्चेची एक पट्टी असते, वाढ संपेपर्यंत मऊ. अकरा ते सोळा या वयात कंडरा आणि अस्थिबंध या पट्टीपेक्षा मजबूत असतात, म्हणून अति फेकण्याने मोठ्यांची कंडरा झिजते, तर मुलांची ही पट्टी रुंदावते, जवळजवळ सावकाशीने मोडतेच. दंडाच्या वरच्या भागात, खोलवर, फेकताना दुखतं. एक्स-रे दोन्ही खांद्यांचा काढून शेजारी ठेवला तर फरक दिसतो. एकाचाच काढला तर नजरेतून सुटतो. उपाय साधा आहे: साधारण तीन महिने फेकणं पूर्ण बंद. बहुतेक मुलं पुरती बरी होतात. मुलाच्या खांद्याला ‘वाढीचं दुखणं’ म्हणून तेल चोळत तेच वेळापत्रक चालू ठेवलं, तर मात्र हाडाच्या वाढीलाच धोका.

अमेरिकेच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकता येत नाहीत, आणि ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी सक्तीची. आपल्याकडे मुंबईतला चौदा वर्षांचा मुलगा सकाळी शाळेच्या संघातून गाइल्स शील्डच्या तयारीला, दुपारी अकादमीत, रविवारी क्लबकडून आणि संध्याकाळी सोसायटीत खेळतो. शाळेचे सर आपल्यापुरते चेंडू मोजतात, अकादमीचे सर आपल्यापुरते. बेरीज कुणीच करत नाही. म्हणून डॉक्टरकडे जाताना एक्स-रेच्या पाकिटासोबत एक कागद न्यावा. गेल्या चार आठवड्यांत कुठल्या दिवशी कुठे खेळला, किती षटकं टाकली, लांबून किती फेकी केल्या, दुखणं कोणत्या दिवशी सुरू झालं, आणि सोसायटीतली संध्याकाळ, तीही त्यात धरून.